बरोबरीच्या डावात बघायचं काय? जगज्जेतेपदाची लढत पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

२०२५च्या नोव्हेंबरात हडफड्याच्या रिसॉर्ट रिओमध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक झाला. जगभरचे २०६ खेळाडू गोव्यात उतरले होते. आमच्या फोंड्यात चहाच्या टेबलावर एरवी फुटबॉल आणि मासळीचे भाव हे दोनच विषय असतात, पण त्या महिन्यात गुकेश, अर्जुन, दिव्या ही नावं रोज कानावर येत होती. शेजारचे काका तर मोबाइलवर डाव लावून बसायचे. एका संध्याकाळी वैतागून त्यांनी मला विचारलं, "पांच वरां खेळटात आनी शेवटाक ड्रॉ? हातूंत पळोवपासारकें कितें आसा?" (पाच तास खेळतात आणि शेवटी ड्रॉ? यात बघण्यासारखं काय आहे?)

प्रश्न अगदी प्रामाणिक होता आणि तो एकट्या काकांचा नाही. जगज्जेतेपदाच्या लढती कंटाळवाण्या झाल्यात, असं मुरलेले रसिकसुद्धा म्हणतात. ज्यांना सोंगट्या कशा चालतात एवढं ठाऊक आहे, लढत पाहायची इच्छा आहे, पण दुसऱ्या तासाला डोळे मिटायला लागतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. काकांना जे सांगितलं तेच, जरा सविस्तर.

आधी तक्रार खरी किती, ते बघू

२०१८ साली लंडनमध्ये मॅग्नस कार्लसन आणि फाबियानो कारुआना यांच्यात बारा डाव झाले आणि बाराच्या बारा बरोबरीत सुटले. जगज्जेतेपदाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. त्याआधी २०१६मध्ये न्यूयॉर्कला कार्लसन आणि सर्गेई कार्याकिन यांच्या बारापैकी दहा डावांत बरोबरी झाली होती. सगळ्यांनी बोट दाखवलं ते संगणकाकडे. इंजिनांनी, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामांनी, सुरुवातीच्या चाली इतक्या खोदून काढल्यात, की दोघेही वीस-वीस चाली पाठ करून येतात आणि कुणी चुकतच नाही, असं म्हटलं गेलं.

यात तथ्य आहे, पण निम्मंच. घरोघरी संगणक नव्हते तेव्हा काय होतं? १९२७मध्ये कापाब्लांका आणि अलेखिन ३४ डाव खेळले, त्यातले २५ बरोबरीत सुटले. सप्टेंबर १९८४मध्ये मॉस्कोत कार्पोव आणि कास्पारोव बसले. आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता, असा नियम होता. फेब्रुवारी १९८५ उजाडला, ४८ डाव झाले, ४० बरोबरीत गेले, आणि शेवटी निकालाविनाच लढत थांबवावी लागली. उलट इंजिनं आजच्याइतकी तगडी झाल्यावर, २०२३मध्ये अस्तानात डिंग लिरेन आणि इयान नेपोम्नियाची यांच्या चौदा डावांत सहा निकाली ठरले, आणि २०२४मध्ये सिंगापूरला डिंग आणि गुकेश यांच्या चौदांत पाच.

म्हणजे बरोबरी हा या खेळाचा जुनाच सोबती. बदललंय ते आपलं पाहणं, असं माझं ठाम मत आहे. पूर्वी माणूस पट समोर मांडून, वर्तमानपत्रातल्या चाली लावून डाव पाहायचा. आता तो स्क्रीनच्या कडेची एक पट्टी पाहतो.

पाऊल पहिलं: तुम्ही काय पाहताय ते ओळखा

हडफड्याला झाला तो विश्वचषक. ती बाद फेरीची स्पर्धा. दोघांत दोन मोठे डाव, बरोबरी झाली तर दुसऱ्या दिवशी झटपट डावांचा टायब्रेक, आणि हरला तो घरी. जगज्जेता गुकेश तिसऱ्याच फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरून बाहेर पडला. लेवॉन अरोनियन २००२ साली याच गोव्यात जागतिक ज्युनिअर विजेता झाला होता. तेवीस वर्षांनी तो पुन्हा इथे आला आणि अर्जुन एरिगैसीने त्याला हरवलं. रोज कुणीतरी सामान बांधत होतं. अखेर एकोणीस वर्षांच्या जावोखिर सिंदारोवने, तोही टायब्रेकमध्येच, वेई यीला हरवून चषक उचलला.

जगज्जेतेपदाची लढत वेगळी. तिथे तेच दोघे, तोच पट, चौदा डाव, जवळजवळ तीन आठवडे. साडेसात गुण आधी मिळवेल तो जिंकला. एकांकिका स्पर्धा आणि जत्रेतलं रात्रभराचं संगीत नाटक यांत जो फरक, तो इथे आहे. जत्रेच्या नाटकाला जाताना दर दहा मिनिटांनी पडदा पडावा, अशी अपेक्षा आपण धरत नाही. अंगावर घ्यायला चादर घेऊन जातो.

पाऊल दुसरं: सगळे डाव पाहू नका

नवखे इथेच फसतात. पहिल्या दिवसापासून नेमाने बसतात, चौथ्या डावापर्यंत दमतात आणि नेमका पाचवा चुकवतात. तुम्ही निवड करा. पहिला डाव पाहा, कारण दोघांच्या पोटात किती गोळा आलाय ते तिथे कळतं. सिंगापूरला पहिल्याच डावात गुकेश पांढरी मोहरी घेऊन हरला होता. त्यानंतर एखादा डाव निकाली लागला, की लगेच पुढचा डाव अजिबात सोडू नका. हरलेल्याला झोप लागलेली नसते. अस्तानात चौथा, पाचवा, सहावा, सातवा असे ओळीने चार डाव निकाली झाले. सिंगापूरला अकरावा गुकेशने घेतला, बारावा डिंगने परत मिळवला. आणि गुण सारखे असतील तर शेवटचे तीन डाव.

वेळेचंही बघा. सिंगापूरचे डाव आपल्याकडे दुपारी अडीचला सुरू व्हायचे, म्हणजे जेवून जरा पडायची वेळ. खुशाल पडा. पहिल्या पंधरा-वीस चाली बहुतेक वेळा घरून पाठ करून आणलेल्या असतात आणि भराभर पटावर पडतात. त्या नाही पाहिल्या तरी काही बिघडत नाही. तुम्ही येऊन बसायचं ते पहिल्या लांब विचाराला. एखादा खेळाडू दहा मिनिटं, वीस मिनिटं हलत नाही, समोरचा उठून फेऱ्या मारायला लागतो, तेव्हा समजा की पाठांतर संपलं. डाव तिथून सुरू होतो. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक चालीला किती वेळ लागला ते दिसतं, त्यामुळे उशिरा आलात तरी तो क्षण शोधता येतो.

पाऊल तिसरं: पट्टी झाका

एवढं एकच केलंत तरी अर्धा कंटाळा जाईल.

थेट प्रक्षेपणात पटाच्या बाजूला एक उभी काळी-पांढरी पट्टी असते. इंजिन दर क्षणाला सांगत असतं, कोण किती पुढे आहे. पट्टी मधोमध असली की डाव समान. समान म्हणजे तिथे काही चाललेलं नाही, असं आपण मनात धरतो, आणि कंटाळ्याचं मूळ हेच. पट्टी सांगते ते दोन परिपूर्ण यंत्रं तिथून पुढे खेळली तर काय होईल, एवढंच. माणसाला ती समान स्थिती टिकवायला ओळीने सहा अचूक चाली शोधाव्या लागणार आहेत की कुठलीही चाल चालेल, हे पट्टीला सांगताच येत नाही. अरुंद साकवावरून पलीकडे जाणारा आणि रुंद पुलावरून जाणारा, दोघेही तिच्या लेखी 'पोचतील'.

लिचेसवर इंजिन बंद करायचं बटण आहे, ते बंद करा. चेस डॉट कॉमवरही पट्टी लपवता येते. यूट्यूबवर ती चित्रातच असते, तिथे स्क्रीनच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवा. मी खरंच हेच करतो, आणि भाचा आला की आधी तो कागद काढायला बघतो. चेसबेस इंडियाचं समालोचन नवख्यांना समजेल असं असतं. मात्र समालोचक इंजिनकडे पाहून "इथे जिंकता येत होतं" म्हणायला लागले, की थोडा वेळ आवाज बंद करा. डाव संपल्यावर इंजिन जरूर लावा. तेव्हा ते शिकवतं.

पाऊल चौथं: घड्याळ वाचा

सिंगापूरला पहिल्या चाळीस चालींसाठी प्रत्येकाला १२० मिनिटं होती. त्यानंतर उरलेल्या डावासाठी ३० मिनिटं, आणि ४१व्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद वाढीव. म्हणजे चाळिसाव्या चालीपर्यंत एक सेकंदही वरून मिळत नाही. तिसऱ्या डावात डिंग ३७व्या चालीवर अडकला आणि त्याचं घड्याळ पडलं. स्थिती तशीही हरल्यातच जमा होती, पण जगज्जेता माणूस वेळ संपून हरला हे पाहताना अंगावर काटा आला.

सवय करा: आधी घड्याळ, मग पट. कोणाकडे किती मिनिटं आणि चाळिसाव्याला किती चाली बाकी, हा हिशोब डोक्यात ठेवा. दहा मिनिटांत दहा चाली करायच्या असतील तर समान स्थितीसुद्धा निसरडी असते.

पाऊल पाचवं: कोणाला काय हवंय, हे विचारा

माझ्या मते लढत पाहण्याचं सगळं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

पटावर चांगली चाल कोणती हे नवख्याला कळणार नाही, आणि त्याची खंत करू नका. पण कोण भांडण मिटवू पाहतोय आणि कोण पेटतं ठेवतोय, हे कोणालाही ओळखता येतं. सोंगट्यांची अदलाबदल कोण करतोय? वजिरावजिरी कोणी सुचवली आणि कोणी टाळली? तीच स्थिती पुन्हा पुन्हा येऊ लागली, की चाल मोडून बाहेर कोण पडलं? (तीच स्थिती तीनदा आली तर बरोबरी मागता येते.)

सिंगापूरच्या सहाव्या डावात चालींची पुनरावृत्ती करून अर्धा गुण घेता आला असता. गुकेशने ते नाकारलं आणि खेळत राहिला. डाव बरोबरीतच सुटला. निकालाच्या तक्त्यात तिथे अर्धा-अर्धा एवढंच दिसतं, पण त्या दुपारी एक अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेत्याला सांगत होता, की तुला सुखाने उठू देणार नाही.

ते सांगणं फळाला आलं १२ डिसेंबर २०२४ रोजी, चौदाव्या आणि शेवटच्या डावात. दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण. पांढरी मोहरी डिंगची. वजीर कधीच गेलेले, दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट आणि थोडी प्यादी, गुकेशकडे एक प्यादं जास्त. असा डाव बरोबरीत राखता येतो, इंजिनही तेच सांगत होतं. लोक दुसऱ्या दिवशीच्या टायब्रेकची चर्चा करू लागले होते. पण वरचे प्रश्न विचारत बसलेल्याला वेगळंच दिसत होतं. डिंगला डाव लवकर संपवायचा होता, जितक्या सोंगट्या पटावरून जातील तितकं त्याला बरं वाटत होतं. गुकेश मात्र जिथे काही नाही तिथेही चाल शोधत होता.

५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ घरात नेऊन हत्तींच्या अदलाबदलीची वाट मोकळी केली. आणखी एक अदलाबदल, आणखी थोडी शांती. पण त्याचा उंट कोपऱ्यात होता. हत्ती गेल्यावर गुकेशने आपला उंट त्याच कर्णावर आणून समोर उभा केला आणि उंटांचीही अदलाबदल टळेना. उरले फक्त राजे आणि प्यादी, आणि तसा डाव एका जादा प्याद्यावर गुकेश जिंकणार होता. ५८व्या चालीला डिंगने हार मान्य केली. मी त्या वेळी उभा राहून पाहत होतो, बसवतच नव्हतं. गुकेशने डोळे पुसत सोंगट्या पुन्हा पहिल्या जागी मांडल्या.

पट्टी पाहणाऱ्यांना ही चूक आभाळातून पडल्यासारखी वाटली. मला ती तेरा डावांपासून येताना दिसत होती. पंचावन्नावी चाल मला सुचली असती, असं मी म्हणत नाही. पण कोणाला काय हवंय, हे तीन आठवडे रोज पटावर लिहिलेलं होतं.

पाऊल सहावं: घरी पट मांडा आणि अंदाज लावा

प्लास्टिकचा साधा पट चालेल. चाली हाताने लावा. चाल पडायच्या आधी मनाशी एक चाल ठरवा आणि कागदावर लिहा. चुकाल, बहुतेक वेळा चुकाल. पण आपण घोडा म्हटलं आणि त्याने प्यादं का ढकललं, या कोड्यात वीस मिनिटं कशी जातात ते कळत नाही. घरात मूल असेल तर दोघांनी मिळून लिहा. आमच्याकडे भाच्याने एका डावात माझ्यापेक्षा दुप्पट चाली ओळखल्या.

सुरुवातीला नजर चारच गोष्टींवर ठेवा: कोणाचा राजा उघडा आहे, कोणत्या उभ्या रांगेत प्यादी नाहीत (हत्ती तिथेच येणार), कोणतं प्यादं एकटं पडलंय, आणि कोणाची सोंगटी कोपऱ्यात निरुपयोगी बसलीय. चौथीचं उदाहरण वर आलंच.

पाऊल सातवं: बरोबऱ्यांची जात ओळखा

काही बरोबऱ्या खरंच रिकाम्या असतात. दोघे पाठ केलेल्या वाटेने जातात, स्थिती तीनदा आणतात आणि उठतात. करारानं बरोबरी घेण्यावर बंधन आहे, सिंगापूरला काळ्याची ४०वी चाल होईपर्यंत तसा प्रस्तावच देता येत नव्हता. पण पुनरावृत्तीची पळवाट उघडी राहते. अशा दिवशी स्क्रीन बंद करून मिरामारला फिरून यावं. त्यात काही खोल आहे असं मानायची गरज नाही.

दुसरी जात सुटकेची. २०१८चा पहिला डाव ११५ चाली, सात तास चालला. काळ्याकडून खेळणाऱ्या कार्लसनच्या हाती जिंकण्याजोगी स्थिती आली होती आणि कारुआना त्यातून निसटला. १९८४ची ती लढत आठवा: नऊ डावांनंतर कास्पारोव ०-४ मागे होता. आणखी दोन पराभव झाले की खेळ खलास. त्यानंतर सलग सतरा बरोबऱ्या झाल्या. त्या बरोबऱ्या म्हणजे बुडणारा माणूस एकेका श्वासासाठी झगडत होता. पुढे तो आणखी एक हरला, पण मग तीन जिंकला, आणि १९८५च्या नव्या लढतीत जगज्जेता झाला.

तिसरी जात हिशोबाची. २०१८च्या बाराव्या डावात कार्लसनची स्थिती सरस होती, तरी त्याने बरोबरी देऊ केली. झटपट डावांत आपण वरचढ आहोत हे त्याला माहीत होतं, आणि टायब्रेक त्याने ३-० असा जिंकलाही. त्या दिवशी मला राग आला होता. अजूनही तो निर्णय मला आवडत नाही. जगज्जेत्याने पटावरची लढाई अर्ध्यावर सोडू नये, असं मला वाटतं. पण राग येण्याइतकं त्यात काहीतरी होतं, म्हणजे तो डाव कंटाळवाणा नव्हता.

बरोबऱ्या साठत जातात आणि अचानक फुटतात, हेही ध्यानात ठेवा. २०२१मध्ये दुबईत पहिले पाच डाव बरोबरीत गेले. सहावा १३६ चाली आणि पावणेआठ तास चालला, जगज्जेतेपदाच्या लढतीतला सर्वांत लांब डाव. कार्लसन जिंकला. नेपोम्नियाची त्यातून सावरलाच नाही, पुढच्या पाचांत आणखी तीन डाव हरला. ज्यांनी 'कंटाळा' म्हणून पाचव्यानंतर पाठ फिरवली, त्यांनी नेमका तोच चुकवला.

टायब्रेक आला तर

सुट्टी टाका. अस्तानात चौथ्या झटपट डावात डिंगला बरोबरी घेता येत होती. घड्याळात फार कमी वेळ असताना त्याने हत्ती आपल्याच राजापुढे आणून बांधून घेतला (तो बाजूला झाला तर राजालाच शह), डाव चालू ठेवला आणि जगज्जेता झाला.

पुढची लढत येईपर्यंत सराव

तीन डाव लावून पाहा: २०१८चा दहावा, २०२१चा सहावा, २०२४चा चौदावा. तिन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. दहावा बरोबरीचा आहे, मुद्दाम तोच आधी घ्या. त्यात एक जण एका बाजूने राजावर धावतो आणि दुसरा दुसऱ्या बाजूने प्यादं पुढे काढतो. चौदावा ५४व्या चालीवर थांबवा आणि पांढऱ्याची चाल स्वतः ठरवा.

काकांना मी दहाव्यापासूनच सुरुवात करून दिली, पट्टी झाकून. पहिल्या वीस चाली मी भराभर लावल्या. मग त्यांनी पट आपल्याकडे ओढला, चष्मा पुसला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यानंतर विचारलं, "काळेवालो आतां कितें करतलो?"